दोन पुस्तकं, दोन आकडे: बंडूला पत्र

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. तुझे फोटो मिळाले, घरी काडतूस भरायच्या दोन्ही पुस्तकांची पानं मोबाईलवर मोठी करून करून पाहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगण्यासारखं हे काम नाही, म्हणून बसून लिहून राहिलो. इकडे रोवणी आटोपली, झड लागली आहे, त्यामुळे वेळही आहे.

तू विचारलं, तुझ्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळी १५८ ग्रेनचीच (ग्रेन म्हणजे वजनाचं लहान माप), पावडरही तीच, मग एका पुस्तकात पावडरीची जी कमाल मात्रा ती दुसऱ्याच्या सुरुवातीच्या आकड्याजवळ कशी, आणि यातलं खोटं कोण? खोटं कोणीच नाही गड्या. भंडाऱ्याच्या निर्माणीत माझी सगळी नोकरी प्रोपेलंटच्या, म्हणजे गोळी ढकलणाऱ्या पावडरीच्या, तपासणीत गेली, तिथं एकाच नावाच्या दोन लॉटचे आकडे कधी तंतोतंत जुळले नाहीत, म्हणूनच तर प्रत्येक लॉट तपासावा लागायचा. एकाच बियाण्याचं धान माझ्या बांधीत आणि शेजारच्या बांधीत सारखं होते का? पुस्तकातला आकडा म्हणजे त्या लोकांनी, त्या दिवशी, त्यांच्या नळीत, त्यांच्या डब्यातल्या पावडरीवर काय मोजलं त्याची नोंद. तुझ्या रिव्हॉल्व्हरबद्दल ते पुस्तक काहीच बोलत नाही.

सगळ्यात आधी पुस्तकाचं साल पाह्य. .३५७ मॅग्नम आली १९३५ साली. पूर्वी जळत्या पावडरीच्या गॅसचा दाब मोजायचे तांब्याची लहानशी गोटी चेपून, ती किती चेपली त्यावरून आकडा काढायचे, त्याला सीयूपी म्हणतात. आता पिझो नावाचा विजेवर चालणारा सेन्सर लावतात, तो पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड) सांगतो. अमेरिकेत सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी कारखानदारांची संस्था) जुनी मर्यादा ४५,००० सीयूपी आणि आताची ३५,००० पीएसआय. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि म्हणतात, पाहा, वकिलांच्या भीतीनं दहा हजार कमी केले! अरे पण मापच वेगळं आहे ना बाप्पा. तांब्याला चेपायला वेळ लागतो, दाबाचं टोक तर क्षणात येऊन जाते, ते तांब्याला पुरतं कळतच नाही. एकाचं दुसऱ्यात करायचं भरवशाचं सूत्रही नाही. युरोपात तर सीआयपीची (तिकडची तशीच संस्था) मर्यादा ३,००० बार, म्हणजे जवळपास ४३,५०० पीएसआय, आणि त्यांची मोजायची रीत आणखी तिसरीच. म्हणून युरोपातला आकडा अमेरिकेतल्या पुस्तकावर ठेवून हिशोब करू नको.

मग नळी. कोणी १० इंची अखंड टेस्ट बॅरलमध्ये उडवते, कोणी खऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये, जिथं सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गॅस निसटते. वेग वेगळा येणारच. आणि १५८ ग्रेन हे फक्त वजन झालं. शिशाची आणि जॅकेटवाली (वरून तांब्याचं कवच असलेली) गोळी लांबीनं वेगळी, पुंगळीची कड दाबायची खाच वेगळ्या जागी, म्हणजे पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) खोल किती बसते तेही वेगळं, आणि आतली जागा थोडी जरी कमी झाली तरी दाब चढते. प्रायमर, म्हणजे बुडाशी ठिणगी देणारी टोपी, साधा की मॅग्नम, त्यानंही फरक पडते.

पावडरीचं नाव पाहूनही फसू नको. १९९५ मध्ये हर्क्युलस कंपनीचा पावडरचा धंदा अलायंट कंपनीकडे गेला, डब्यावर २४०० हे नाव तेच राहिलं, पण जुन्या पुस्तकातली मात्रा आजच्या डब्याला लावायची नाही. आणि उलटंही आहे: एच११० आणि डब्ल्यू२९६ ही एकच पावडर, नुसती लेबलं दोन, हे ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतःच सांगते. तरी एखाद्या जुन्या पुस्तकात या दोघांचे आकडे वेगळे दिसले तर तो फरक पावडरीचा नाही, तपासणीचा. मले ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तिथं तुले कळते की प्रामाणिक माणसांच्या मोजणीतही केवढं अंतर पडू शकते.

याच पावडरीबद्दल आणखी एक, हे नीट वाच. साधारण नियम असा की कमाल मात्रेच्या १० टक्के खालून सुरू करायचं. इथं तो चालत नाही. कंपनी म्हणते ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. मात्रा फार कमी झाली तर ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते, आणि मागून दुसरी उडवली की नळी फुटली समज. आवाज फुसका आला तर तिथंच थांब, रिकामं कर, नळीतून आरपार उजेड दिसते का पाह्य.

तू सरासरी काढायचं म्हणत होता, ते करू नको. दोन्ही पुस्तकांच्या मधला आकडा म्हणजे जो कोणीच तपासला नाही असा आकडा. तुझी गोळी ज्या कंपनीची तिचं किंवा पावडर कंपनीचं चालू डेटा घे, सगळं सामान त्यात लिहिलेलं तेच वापर, आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या मात्रेपासून चढ. प्रायमर चपटा झाला का यावर विसंबू नको, आणि पुंगळ्या सिलिंडरमधून निघायला अडायला लागल्या म्हणजे दाब आधीच जास्त झालेला असते.

लवकर जळणाऱ्या पावडरीची मात्रा लहान, पुंगळी लांब, त्यामुळे दोनदा भरली तरी मावते आणि वरून दिसत नाही. म्हणून गोळ्या बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या ठेव, टॉर्च तिरपा धरून एकेकीत पाह्य, पावडरीची पातळी सगळीकडे सारखी पाहिजे. एकीत जरी उंच दिसली तर ती ओतून परत तोल. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, आणि त्या वेळी फोन बंद. आणि खाचेत क्रिंप घट्ट दे, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर दाब, नाहीतर झटक्यानं पुढच्या काडतुसाची गोळी सरकते आणि सिलिंडर अडते.

इकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यात सरळ गुन्हा, त्यामुळे हे माझं कारखान्यातलं आणि वाचलेलं ज्ञान आहे. तिकडं तुमच्याकडं स्वतःपुरतं भरायला परवानगी आहे, तर कर, पण तुझ्या हाताची आणि डोळ्यांची मले खरंच काळजी वाटते. उडवायच्या आधी गोळीच्या डब्याचा, पावडरीच्या लॉट नंबरचा आणि प्रायमरच्या पाकिटाचा फोटो पाठव, रिव्हॉल्व्हरचं मॉडेलही लिही. मी पाहून सांगतो कोणतं पान तुझ्या कामाचं. तोवर भरलेली काडतुसं तशीच ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मधू