डॉक्टर मॅडम, तुम्ही बाबांच्या पायाचा अंगठा पाहिलात म्हणून…

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मानेचं ऑपरेशन होऊन बाबा वेंगुर्ल्याला घरी आलेत. काठी घेऊन बागेत उतरतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात. पत्र मुद्दाम सगळ्यांसाठी लिहितेय, कारण तुम्ही बाबांना कसं तपासलंत ते इथल्या घराघरांत कळायला हवं.

पाय जड पडतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. आधी एका ठिकाणी कमरेचा फोटो काढून, "मणक्यात गॅप आहे, वयाप्रमाणे होणारच," असं म्हणत पट्टा आणि गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही तो फोटो बाजूला ठेवलात आणि बाबांना टेबलावर आडवं केलंत.

गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय ताडकन उडाला. मग तुम्ही हातोडीच्या दांड्याचं बोथट टोक टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत आणि तिथून चवड्यावरून अंगठ्याकडे सावकाश ओढलंत. जन्मभर जांभ्यावर अनवाणी वावरलेले ते तळवे, जाड आणि भेगाळलेले. आधी काहीच हललं नाही. जरा जोर दिलात तर गुदगुल्या झाल्यासारखा बाबांनी अख्खा पायच आखडून घेतला. इथे कुणीही "बरं, ठीक आहे" म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही घोट्याच्या बाहेरच्या हाडाखालून पायाच्या कडेने रेघ ओढलीत आणि नजर अंगठ्यावरून हलू दिली नाहीत. अंगठा हळूहळू वर उचलला गेला, बाकीची बोटं फाकली. नडगीवरून बोटं दाबत खाली आणलीत, तेव्हाही तेच. पाऊल झटक्यात वर दाबून धरलंत, तर ते थडथड उडतच राहिलं.

"गे बाय, माजे पाय जड झालेत आणि तू आंगठो कित्याक बघतंस?" बाबांनी विचारलं. बाहेर एवढी रांग असूनही तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि समजावलंत. तळव्यावर असं ओढलं की धडधाकट मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तान्ह्या बाळाचा वर जातो, कारण मेंदूकडून खाली येणारा मार्ग अजून पक्का झालेला नसतो. मोठेपणी वर गेला, तर त्या मार्गात मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत कुठेतरी अडथळा आहे. आणि मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसत्या नसा. तिथे गादी सरकली तर पायात कळ येईल, पण अंगठा वर जाणार नाही. म्हणजे दुखणं कमरेच्या वर शोधायचं. मग तुम्ही बटणांचं विचारलंत. बोटं अडखळतात हे कळल्यावर एमआरआय मानेचा सांगितलात. मज्जारज्जूवरचा दाब तिथेच सापडला.

नंतर मी यावर वाचलं. तळव्याची ही खूण पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी फेब्रुवारी १८९६ मध्ये मांडली. एक्स-रेचा शोध जाहीर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नडगीची ऑपेनहाइम यांची, १९०२ सालची. घोट्याखालची चॅडॉक यांची, १९११ सालची. आमच्याकडे एमआरआयसाठी गाडी करून, दिवस मोडून लांब जावं लागतं. नेमका कुठला भाग तपासायचा हे त्या अंगठ्याने आधीच सांगितलं नसतं, तर आम्ही पुन्हा कमरेचाच करून आलो असतो आणि मानेतला दाब वाढत राहिला असता.

ऑपरेशननंतरही अंगठा वर जाणं राहू शकतं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. तो अजून जातो. पण पायांतला ताठरपणा उतरलाय आणि चालताना तोल सावरतो. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तर बाबा कधीही यायला तयार आहेत. त्यांनीच हे पत्रात आवर्जून लिहायला सांगितलंय. फक्त सकाळी बागेला पाणी लावून झाल्यावर बोलवा.

तुमची ऋणी,
वेंगुर्ल्याच्या एका बागायतदाराची मुलगी