बॅटरी डिकीत हलवताय? आधी फ्यूज पाहा

महोदय,

टर्बो किंवा मोठा एअर फिल्टर बसवायला बोनेटखाली जागा हवी, म्हणून बॅटरी डिकीत हलवून घेणारे हौशी गाडीमालक पुण्यात आहेत. मुळात या कामात वावगं काही नाही. जुन्या मिनीत बॅटरी डिकीतच असे, बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत आजही असते. दहा-बारा किलो वजन मागे जातं आणि बॅटरी इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहते. पण नुसती केबल लांबवून हे काम उरकलं, तर गाडी पेटू शकते.

बोनेटखाली बॅटरीपासून सेल्फपर्यंतची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंतची) केबल हातभर असते आणि बऱ्याच गाड्यांत तिला फ्यूज नसतो. बॅटरी डिकीत गेली की तीच केबल चार-पाच मीटरची होते आणि सीटच्या रुळाजवळून, दाराच्या पट्टीखालून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून जाते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला. कुठे इन्सुलेशन घासून तांबं पत्र्याला टेकलं, की लहान बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर ओतते आणि कार्पेटखाली केबल लाल होते. किल्ली बंद करून उपयोग नसतो, कारण ही लाइन किल्लीच्या आधीची. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. तो सेल्फजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची केबल उघडीच राहते. लहान पेट्रोल गाडीला ३५ चौ. मिमी तांब्याची केबल आणि २०० अँपिअरचा मेगा किंवा एएनएल (बोल्टने आवळायचा मोठा) फ्यूज साधारण पुरतो. डिझेलला केबल जाड आणि फ्यूज मोठा लागतो. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग), पूर्ण लांबीला नळी, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी व पेट्रोलच्या पाइपपासून अंतर ठेवायलाच हवं.

केबलच्या जाडीत काटकसर महागात पडते. पाच मीटर लांबीत २०० अँपिअरला १६ चौ. मिमीची केबल सुमारे १.१ व्होल्ट खाते, ३५ ची अर्धा आणि ५० ची ०.३५. थंडीत सकाळी सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. त्यातून आणखी एक व्होल्ट गेला की सेल्फ नुसता कटकट करतो, आणि दोष बॅटरीला देऊन नवी घेतली जाते. लग (केबलच्या टोकाची भोकाची टोपणं) हातोड्याने ठोकून बसवू नयेत, हायड्रॉलिक यंत्राने दाबूनच (क्रिम्पिंग) घ्यावेत.

सगळ्यात दुर्लक्षित भाग अर्थिंगचा. डिकीतली अर्थ केबल पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून आवळावं आणि वरून ग्रीस लावावं. बॅटरी काढताना तिची गिअरबॉक्सकडे जाणारी जुनी अर्थ केबलही निघते. तिच्या जागी इंजिन ते बॉडी नवी केबल टाकली नाही, तर सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जळते.

काम झाल्यावर सेल्फ मारत असताना मल्टिमीटर बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि सेल्फच्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड तपासा. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनाचा धातू यांच्यात ०.३ व्होल्टच्या वर जाऊ नये.

हॅचबॅकची डिकी आणि केबिन एकच. पाण्याची साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. तेव्हा सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) बॅटरी घ्यावी, नाहीतर झाकणाची पेटी करून नळी गाडीबाहेर काढावी. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा विचारच सोडून द्यावा. नवले पुलाच्या उतारावर मागून धडकणारी वाहनं पुणेकरांना माहीत आहेत. म्हणून बॅटरी बंपरला न चिकटवता शक्य तेवढी मागच्या सीटकडे घ्यावी, पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी जाड पट्टी देऊन एम८ बोल्टने कसावी. भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी नाही ना, हे वाकून पाहावं.

डिकीचं कुलूप विजेवर असेल तर बॅटरी उतरल्यावर डिकीच उघडत नाही. त्यासाठी दुसऱ्या बॅटरीचा करंट देता यावा म्हणून बोनेटखाली झाकणवाला पॉझिटिव्ह बोल्ट ठेवावा, आणि अग्निशमन दलाच्या जवानांना कळावं म्हणून तिथेच ठळक अक्षरांत लिहावं: ‘बॅटरी डिकीत आहे’.

– एक वाहन वायरमन, नाना पेठ, पुणे