मशीन खोका वाचतं, काका

सप्रेम नमस्कार मॅडम,

नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आमच्याकडे तुम्हाला सगळे ‘गनवाल्या मॅडम’ म्हणूनच ओळखतात. बारकोड वाचून मोजणी वायफायने कॉम्प्युटरवर पाठवणारी हातातली गन आमच्या दुकानात तुम्हीच बसवून दिलीत ना! पत्र मात्र जाहीर लिहितोय, कारण कपड्या-बुटांच्या दुकानात स्टॉक सांभाळणारी माझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत आणि तुम्ही जे शिकवलंत ते मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत नसतं.

तुम्ही येण्याआधी आमची मोजणी कशी चालायची ते सांगतो. शटर खाली, एक जण शिडीवर, दुसरा खाली वही घेऊन. वरच्याने ओरडायचं, खालच्याने लिहायचं. पंख्याच्या घरघरीत ‘एकोणसाठ’चं ‘एकोणसत्तर’ व्हायला कितीसा वेळ लागतो? मग ते कागद कॉम्प्युटरवर चढवायला तीन दिवस, आणि ते तीन दिवस विक्री चालूच. आकडा चढेपर्यंत शिळा झालेला. फरक निघायचाच. तो ‘तूट’ म्हणून एका ओळीत टाकला की वही मिटली. वीस वर्षं मी यालाच स्टॉक घेणं म्हणत आलो.

तुम्ही आल्या आल्या वायफायचे डबे भिंतीला ठोकाल असं वाटलं होतं. तुम्ही दोन दिवस नुसत्या फिरलात, एका हातात गन, दुसऱ्या हातात खडू. रेंज पडेल तिथे जमिनीवर फुली. गोदामात लोखंडी रॅकच्या मागे तर फुल्यांची रांगच लागली. लोखंडावर लहरी आपटून परत फिरतात, म्हणून डबा कोपऱ्यातल्या भिंतीवर नको, रॅकच्या गल्लीच्या तोंडाशी छताला हवा, हे तेव्हा कळलं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर लांब पोचते पण तिथे गर्दी फार, 5 गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंत आली की लवकर दमते, हेही. माल भरल्यावर तुम्ही पुन्हा सगळी फेरी मारलीत. रिकाम्या रॅकमधली रेंज खरी नाही म्हणालात.

जिन्याखाली काही केल्या रेंज आली नाही. तिथे गन नोंदी स्वतःपाशी ठेवते आणि बाहेर आल्यावर पाठवते. पहिल्याच आठवड्यात काही नोंदी दोनदा गेल्या आणि नसलेला माल कागदोपत्री हजर झाला. तुम्ही उशिरापर्यंत बसून प्रत्येक नोंदीला तिचा वेगळा क्रमांक मिळेल अशी सोय केलीत. तोच क्रमांक पुन्हा आला तर कॉम्प्युटर त्याला दारातूनच परत धाडतो. तेव्हापासून जिन्याखालचा माल दुप्पट झालेला नाही.

आपलं भांडण झालं ते आकडा लपवण्यावरून. मोजणाऱ्याला गनवर शिल्लक दिसायची नाही, असं तुम्ही ठरवलंत. मी चिडलो, आमच्या पोरांवर विश्वास नाही का, असंही बोललो. तुम्ही काही बोलला नाहीत. मला एका रॅकपुढे उभं केलंत, शिल्लक 12 आहे असं सांगितलंत आणि मोजायला लावलंत. मी 12 मोजले. तुम्ही सगळे शर्ट काढून टेबलावर ठेवलेत तर निघाले 11. आकडा आधी दिसला की डोळा तोच शोधतो. हे मला या वयात शिकवायला कुणीतरी हवं होतं.

आणि मग ती निळ्या बुटांची गोष्ट. आठ नंबर, कॉम्प्युटरवर शिल्लक एक जोड. तुम्ही एक यादी काढली होती: शिल्लक आहे पण दोन महिन्यांत एकही नग विकला गेलेला नाही असा माल. मी म्हणालो, चालत नसेल. तुम्ही म्हणालात, बघून तर येऊ. रॅकवर खोका होता, आठचा, बारकोड ठीकठाक. उघडला तर डावा आठचा, उजवा नऊचा. कुणीतरी घालून बघताना अदलाबदल झालेली. म्हणजे नऊचा खोकाही मेलेला. किती गिऱ्हाइकांना हा खोका उघडून दाखवला असेल, ‘दुसरा जोड नाही हो’ म्हटलं असेल आणि परत जागेवर ठेवला असेल! कॉम्प्युटर मात्र समाधानी, त्याच्या हिशेबी माल आहे. शिल्लक शून्यावर येत नाही तोवर नवी मागणी जात नाही, आणि विकता येत नाही तोवर शिल्लक शून्यावर येत नाही. तुम्ही तो उजवा बूट हातात धरून म्हणालात, “मशीन खोका वाचतं, काका. बूट नाही वाचत.”

ती यादी आम्ही अजून दर सोमवारी काढतो. शिवाय वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन-तीन रॅक, जास्त खपाचा माल जास्त वेळा. मोजणी झाल्या झाल्या आकडा हवेतून कॉम्प्युटरवर जातो, त्यामुळे फरक निघाला की कालचीच बिलं आणि कालचीच आवक चाळायची असते. पूर्वी फरकाचं कारण वर्षभरात कुठेतरी पुरलेलं असायचं. असंच एक कारण सापडलं ते काउंटरवर. एकाच भावाचे तीन रंगांचे शर्ट आले की आमचा मुलगा एकच स्कॅन करून गुणिले तीन मारायचा. बिल बरोबर, गल्ला बरोबर, आणि स्टॉकमध्ये पांढरा शर्ट उणे दोन. उणे दोन शर्ट कसे दिसतात ते मी त्याला शोधून आणायला सांगितलं होतं.

एक गंमत राहिली. बारकोडखालच्या 13 आकड्यांतला शेवटचा कशाला, असं विचारल्यावर तुम्ही बिलाच्या मागे मांडून दाखवलंत: डावीकडून पहिल्या 12 पैकी एकाआड एक आकडे तसेच घ्यायचे, मधले तिपटीने, सगळ्यांची बेरीज, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो तेरावा. म्हणजे ताळा! शाळेत गुरुजींनी छडी घेऊन शिकवलेला ताळा मशीन प्रत्येक वस्तूवर करतं आणि आम्ही त्याला नुसतं ‘टूं’ समजत होतो.

मालकांना हवे होते रेडिओ टॅग, म्हणजे प्रत्येक नगाला लावायच्या, रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या. कुठेतरी प्रात्यक्षिक पाहिलेलं, कांडी फिरवली की आख्खा रॅक मोजून तयार. विकणाऱ्याने लगेच होकार दिला असता. तुम्ही म्हणालात, आधी बारकोडवर शिस्त बसू द्या. वर्षाने तुम्हीच फक्त कपड्यांना टॅग लावून दिलेत. तेव्हा सांगितलंत की या टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरीवरच तो जागा होतो आणि तीच लहर थोडी कमी-जास्त परतवून आपला नंबर सांगतो. परतलेल्या लहरीने बोलायची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 सालीच मांडली होती, हे ऐकून मी चाटच पडलो. शेकडो टॅग एकदम बोलले तर गोंधळ, म्हणून प्रत्येक जण मनाने एक पाळी निवडतो आणि ती येईपर्यंत गप्प बसतो. आमच्या बिलिंगच्या रांगेपेक्षा शिस्त बरी. बारकोड सांगतो हा कुठला शर्ट, टॅग सांगतो त्यातला नेमका कोणता नग.

पहिल्या दिवशी मात्र कांडीने पार्टिशनपलीकडच्या गोदामातले शर्टही दुकानात मोजले. मालक खूश, माल वाढला! तुम्ही कांडीची शक्ती कमी केलीत, त्या पार्टिशनला लागून असलेला रॅक हलवलात, आणि बुटांना टॅग का नकोत तेही समजावलंत: एक बूट एका खोक्यात नि दुसरा दुसऱ्यात गेला तर कांडीलाही कळणार नाही. पुन्हा खोका उघडायलाच लागणार. आमच्याकडे तो आता उघडतात. गिऱ्हाइकाने घालून बघितलेला जोड जागेवर जाण्याआधी दोन्ही तळव्यांवरचे नंबर मोठ्याने वाचायचे, असा नियमच केलाय.

या सगळ्यासाठी मनापासून आभार. भांडणाबद्दल तेव्हा माफी मागायची राहून गेली, ती आज मागतो.

तीन नंबरच्या गनचा घोडा अडकतोय, ती दुरुस्तीला पाठवली आहे. हे पत्र त्यासाठी नाही.

आपला,
स्टॉकचे काका