लागवडीनंतरच्या शिक्षणाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वनमहोत्सवाचा आठवडा पार पडला आणि सालाबादप्रमाणे आपल्या दैनिकात वृक्षारोपणाची छायाचित्रे झळकली. आमदार, सरपंच, पंच, शाळेची मुले आणि मधोमध एकच बिचारे रोप. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली हा महोत्सव सुरू केला, तेव्हापासून रोपाला धरायला हात कधी कमी पडले नसावेत. माझी तक्रार छायाचित्रांबद्दल नाही. नुसती झाडे लावून घरी जाणाऱ्यांपलीकडे गोव्यात आता बरीच मंडळी गेली आहेत. फोंडा, म्हापसा, पर्वरी, मडगाव, कुठेही बघा. वसाहतीच्या मोकळ्या जागेत भाजीचे वाफे पडतात, देवळामागे फुलझाडे लागतात, शाळेच्या कुंपणाकडेने दोडक्याचे मांडव चढतात. सारे विनामोबदला, सुटीचे दिवस खर्चून. उत्साह आहे, जागा मिळते, वर्गणीही निघते. शिकण्याची सोय मात्र उद्घाटनाच्या व्याख्यानापाशी संपते, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

आमच्या वसाहतीत अशीच एक बाग आहे. उद्घाटनाला एका संस्थेने तज्ज्ञ आणले, त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवली, बियाण्यांची पाकिटे वाटली, चहा-सामोसा झाला. पुन्हा त्या संस्थेचे कुणी फिरकले नाही. पावसाळी भाजी छान आली. पुढे हिवाळ्यात वांगी फुलावर आली आणि एकेक झाड मान टाकू लागले. पाने हिरवीच, पण दुपारपर्यंत सारे झाड लोंबलेले. कुणी म्हणे पाणी कमी पडले, कुणी म्हणे जास्त झाले. एकाने कडुनिंबाचे तेल फवारले, दुसऱ्याने युरियाची पिशवी आणली. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने एक निवृत्त कृषी साहाय्यक आले. त्यांनी एक झाड उपटले, बुंध्याजवळ खोड तिरके कापले आणि तो तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगून धरला. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधी रंगाचा बारीक धागा पाण्यात खाली उतरू लागला. ‘हा जिवाणूजन्य मर. याला आता औषध नाही. झाडे मुळासकट काढा आणि या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची काही काळ विसरा,’ एवढे सांगून ते पुढच्या कामाला लागले: या वाफ्याचे पाणी शेजारच्या वाफ्यात जाऊ द्यायचे नाही, इथे वापरलेले खुरपे धुतल्याशिवाय तिथे घालायचे नाही. साऱ्या वसाहतीला एका पेल्यात जेवढे कळले, तेवढे त्या पडद्यावरच्या चित्रांतून कळले नव्हते.

गोव्याची आम्लधर्मी माती आणि दमट हवा या रोगाला मानवते. जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच मर रोगाला तोंड देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत. फोंड्याहून ही संस्था बसने जाऊन येण्याच्या अंतरावर आहे, पण आमच्या बागेत राबणाऱ्यांना त्या जातींचा पत्ता नव्हता. कळणार तरी कुठून?

खताच्या खड्ड्याचेही तसेच. ओल्या कचऱ्याचे खत करण्याची टूम हल्ली सोसायटी-सोसायटीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण खड्ड्यात शेण, झावळ्यांचे तुकडे, कुजका भुसा पडला की गेंड्या भुंगा तिथे अंडी घालतो. खत उकरताना अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघतात. त्या बघून ‘खत जिवंत आहे हो!’ म्हणून खूश होणारे मी पाहिले आहेत. याच अळीचा पुढे शिंगवाला काळा भुंगा होतो, माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उलगडलेला कोंब कुरतडतो. ती झावळी उघडते तेव्हा कात्रीने कापलेल्या कागदी पंख्यासारखी दिसते. खड्डा वसाहतीचा, माड शेजारच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, भांडण ठरलेलेच. बरे, खतातली प्रत्येक पांढरी अळी माडाची वैरीण नसते. फुलभुंग्याची अळी जवळपास तशीच दिसते, पण ती मोकळ्या जमिनीवर ठेवली की पाठीवर पडून सरकते, आणि ती कुजके खाऊन खतच करते. हा फरक ओळखणे, खत वरचेवर उलथणे, गेंड्याच्या अळ्या वेचणे, मेटारायझियम ही उपयोगी बुरशी खड्ड्यात मिसळणे, यातले काहीच अवघड नाही. पण ते खड्ड्यापाशी उभे राहून कुणीतरी दाखवावे लागते, आणि अळ्या निघतील त्या महिन्यात दाखवावे लागते. जूनमधल्या व्याख्यानात सांगितलेली अळी जानेवारीत कुणाला आठवणार?

‘मोबाइलवर सगळे मिळते, वर्ग कशाला?’ असे विचारणारे भेटतात. मिळते हे खरे. पण मराठीतले बागकामाचे बरेचसे व्हिडिओ घाटावरच्या गच्च्यांवरून येतात. तिथली काळी, चुनखडीयुक्त माती आणि आपली जांभ्याची तांबडी माती यांच्या सवयी उलट्या. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मातीतला चुना, पालाश धुऊन नेतो. म्हणून इथे चुलीतली राख किंवा थोडा चुना घालणे उपकारक ठरते. तीच राख घाटावरच्या मातीत सढळ हाताने घातली तर नुकसान. माती तपासून घ्यायची सोय कृषी खात्याकडे आहे, पण नमुना कसा काढायचा, किती खोलीवरचा, किती ठिकाणचा एकत्र करायचा, आणि मग हातात आलेला कागद वाचायचा कसा, इथे हौशी माणूस अडतो.

कृषी विस्ताराची यंत्रणा आपल्याकडे नाही असे नाही. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले. आज गोव्यात उत्तरेचे केंद्र जुने गोव्यात आणि दक्षिणेचे मडगावात आहे. सुळकर्णेला कृषी महाविद्यालयही चालते. परंतु या केंद्रांची आखणी शेतकरी, शेतकरी महिला आणि ग्रामीण युवकांसाठी झालेली. खात्याच्या योजनांना कृषी कार्ड लागते, आणि कृषी कार्डासाठी जमिनीशी नाते दाखवावे लागते. फ्लॅटमध्ये राहून सोसायटीच्या जागेत भेंडी लावणारा माणूस या चौकटीत बसत नाही. आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती. शेतकऱ्याच्या वाटणीतले काही कमी करा असे मी मुळीच म्हणत नाही. अनुदान नकोच आम्हाला. वर्गात बसायला जागा हवी.

नेमक्या अशाच अडचणीतून अमेरिकेत एक वाट निघाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांकडे सिअ‍ॅटल-टॅकोमा भागातल्या घरगुती बागवाल्यांचे इतके प्रश्न येऊ लागले की शेतकऱ्यांकडे बघायला वेळ उरेना. तेव्हा त्यांनी हौशी लोकांनाच शिकवायचे ठरवले. ‘मास्टर गार्डनर’ या नावाने ती योजना पुढे तिथल्या बहुतेक राज्यांत पसरली. विद्यापीठ माती, रोग, किडी, छाटणी सगळे रीतसर शिकवते, परीक्षा घेते. त्या बदल्यात शिकलेल्याने ठरावीक तास लोकांसाठी द्यायचे. बाजारात टेबल मांडून बसायचे, लोक रोगट फांदी घेऊन येतात ती तपासायची, शाळेच्या बागेत राबायचे. मला त्यातली खरी मेख वाटते ती पुढेच: हे प्रशस्तिपत्र कायमचे नसते. दर वर्षी ठरलेले सेवेचे तास भरले आणि नवे शिक्षण घेतले तरच ते टिकते. शिवाय त्या बिरुदावर स्वतःचा धंदा करता येत नाही. ही अट आपल्याकडे तर पहिल्या ओळीत घालावी, नाहीतर प्रशस्तिपत्र नर्सरीच्या पाटीवर आधी लागेल आणि माणूस बागेत मागाहून येईल.

गोव्यात फुकटचे तास कोण देणार, ही शंका मला पटत नाही. चतुर्थीचा मंडप, जत्रा, फेस्त, कालोत्सव हे सगळे तासांच्या हिशेबाशिवायच उभे राहते की!

तेव्हा गोव्यातही असा वर्ग निघावा. तो चतुर्थी आटोपल्यावर सुरू करावा, कारण पावसाळी भाजी संपून हिवाळी मळे घालायची वेळ तीच. तो शनिवार-रविवारी असावा, मराठी-कोकणीतून असावा आणि निम्मा तरी बागेत व्हावा. सगळे शिक्षक पदवीधरच हवेत असेही नाही. सावईवेरे, केरी भागातल्या कुळागरांत, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या मिश्र बागायतीत, माड, पोफळी, त्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी आणि जायफळ यांना एकाच पाटाचे पाणी पुरवणारी माणसे अजून आहेत. म्हापशाच्या बाजारात पायरीवर बसून गावठी भाजी विकणाऱ्या बायांना विचारा, अळसांदे (चवळीचे दाणे) राखेत घोळवून कसे ठेवायचे, तवशाचे (काकडीचे) बी कोणत्या फळाचे धरायचे. त्यांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढू नका. तासाचे रीतसर मानधन द्या.

बियाण्यावरून आठवले. काणकोणातल्या खोला गावची मिरची, आगशीची वांगी, सात शिरांचा भेंडा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद झाला. पण मानांकनाने बी शुद्ध राहत नाही. भेंड्याच्या फुलावर मधमाशी बसते. शेजारी संकरित भेंडी असली की पुढच्या वर्षीच्या बियात भेसळ होऊ शकते. बियाण्यासाठी राखायच्या झाडावर उमलू घातलेली कळी आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीत बांधायची, फूल मिटून शेंग धरली की पिशवी काढायची आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. तोडणी करणाऱ्याने तो बघून शेंग झाडावरच वाळू द्यायची. दहा-बारा वसाहतींनी एकेक जात अशी सांभाळली तर केवढे काम होईल! चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या रानफळांचेही हेच. स्पर्धेपायी दर वर्षी रानात ओरबाडणे चालते. त्यातली निम्मीअधिक झाडे सार्वजनिक बागांत लावता येतील, पण कलम कोणाचे बांधायचे आणि बी कोणाचे रुजते हे शिकवायला हवे.

खर्चाचे म्हणाल तर इमारत बांधायची नाही, पदे भरायची नाहीत. जुने गोव्याची संस्था, दोन्ही कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी खाते यांनी मिळून अभ्यासक्रम ठरवावा. पहिली तुकडी फोंडा आणि तिसवाडी या दोनच तालुक्यांतून घ्यावी. एकदम बारा तालुक्यांत नारळ फोडण्याची घाई नको. शिकून बाहेर पडलेल्यांनी आठवड्यातून एक सकाळ पालिकेच्या बाजारात किंवा वाचनालयात बसावे. लोकांनी रोगट फांदी, अळी, मातीचा पुडा घेऊन यावे. यांना सुटणार नाही तो प्रश्न वहीत लिहून संस्थेकडे जावा आणि पुढच्या आठवड्यात उत्तर त्याच टेबलावर यावे.

हे सरकारदरबारी होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या दैनिकाला एक विनंती. आठवड्यातून अर्धा रकाना वाचकांच्या झाडांच्या प्रश्नांसाठी ठेवावा, उत्तरे जुने गोव्याच्या तज्ज्ञांकडून मागवावीत आणि प्रश्नाखाली गावाचे नाव जरूर छापावे. पेडण्यात कोणती कीड आली हे फोंड्यात आठवडाभर आधी कळले तरी पुष्कळ. आमच्या वसाहतीचा पहिला प्रश्न तयार आहे: मर लागलेल्या त्या वाफ्यात यंदा तांबडी भाजी आणि मुळा घातला तर पुढे वांग्यासाठी किती हंगाम थांबावे?

आपली,
एक नियमित वाचक, फोंडा