दिसत नाही म्हणून लॉगिनच नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझी मैत्रीण नागपुरातच पीएचडी करते, तिला दिसत नाही. एनव्हीडीए हा फुकटातला स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ती भराभर वाचते, माझ्यापेक्षा फास्टच. पण संशोधकांच्या एका ऑनलाइन व्यासपीठावर पेपर टाकायचा तर लॉगिनलाच गाडी अडते. परवा धरमपेठेत तिच्या घरी बाजूला बसून बघितलं, कॅप्चाचं, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणाऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांचं, चित्र आलं की स्क्रीन रीडर नुसतं "इमेज, इमेज" म्हणतो, आवाजाचा पर्याय नाहीच, मग मी अक्षरं वाचून दाखवली, तोवर ओटीपीची वेळ संपली आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं! दर वेळी कोणाला बोलवायचं तिनं? आणि पासवर्ड दुसऱ्याच्या कानावर का पडावा?

हे अवघड काम नाहीये हो. संशोधकांना ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख पटवणारी नोंदणी) १६ अंकी आयडी असतो, त्यानेच लॉगिन होऊ द्या, नाहीतर ईमेलवर लिंक पाठवा, ओटीपीला वेळ वाढवून द्या. बटणांना नीट नावं द्या, नुसतं "बटन" ऐकून काय कळणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आहेच, आणि सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सुविधा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलंय.

त्या व्यासपीठाला दोनदा मेल केला, उत्तर नाही. तिचा पेपर अजून लॅपटॉपमध्येच पडून आहे.

– एक वाचक, नागपूर