‘कुत्र्यांसह या’ म्हणणाऱ्या कॅम्पवाल्यांनी नियमही सांगावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की मुंबईकरांची पावले पवना, भंडारदरा, मुळशी, वैतरणा या जलाशयांच्या काठांकडे, नाहीतर कोलाडला कुंडलिका नदीकडे वळतात, आणि अलीकडे या प्रवासात गाडीच्या मागच्या सीटवर कुत्राही असतो. कॅम्पवाल्यांनी ही मागणी बरोबर हेरली आहे. ‘पेट फ्रेंडली’ असे फलक काठाकाठाने दिसू लागले असून अनेक ठिकाणी कुत्र्यासाठी वेगळे पैसेही घेतले जातात. मात्र ते पैसे भरल्यावर त्या कुत्र्याने कुठे फिरायचे, पाण्यात कुठे उतरायचे, रात्री कुठे झोपायचे, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. मी स्वतः कुत्रा पाळतो, त्याला घेऊन अशा ठिकाणी मुक्कामही करतो आणि हा मुक्काम बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु आज जे चालले आहे ते असेच चालू राहिले तर एक दिवस काठावरच्या गावांकडून सरसकट मनाई होईल, आणि तिला कारणीभूत आम्ही श्वानपालकच असू, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे.

मुंबईत कुत्र्याला धावायला जागा नाही, हे कोणी वेगळे सांगायला नको. बहुतेक उद्यानांच्या फाटकावर त्याला मनाई असते, सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्याला न्यावे की नाही यावरून बैठकीत आवाज चढतात आणि रेल्वेने न्यायचे तर प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यातला पूर्ण कक्ष राखून ठेवावा लागतो किंवा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत घालावे लागते. त्यामुळे घाट चढून गाडी काठावर थांबली, की आधी पट्टा काढला जातो. इतक्या दिवसांचा कोंडमारा एका क्षणात मोकळा होतो आणि पाहणाऱ्यालाही बरे वाटते. सगळी अडचण इथूनच सुरू होते, कारण आपल्याला जे मोकळे माळरान दिसते ते मोकळे नसते.

धरणाचे पाणी डिसेंबरनंतर जसजसे खाली जाते, तसतशी काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि गावकरी तिच्यात गाळपेर करतात. त्या ओल्या मातीत हरभरा, भाजीपाला, काकडी-कलिंगडाचे वेल असे काहीबाही लावलेले असते. त्याला कुंपण नसते, बांधही नसतो, त्यामुळे शहरातून आलेल्या माणसाला ते शेत वाटतच नाही. पवनेच्या काठावर एका कॅम्पशेजारी मी पाहिलेला प्रसंग असा : एक धष्टपुष्ट लॅब्राडोर अशा वेलांतून दोन फेऱ्या मारून थेट वरच्या घराच्या अंगणात शिरला आणि कोंबड्यांमागे लागला. मालक खुर्चीवरून न उठता ‘घाबरू नका मावशी, तो काही करत नाही, खेळतोय’ असे ओरडत होते. मावशींनी हातातली काठी आपटून उत्तर दिले, ‘तुम्हाला ठाऊक आहे हो, माझ्या कोंबड्यांना कुठं ठाऊक?’ कॅम्पचा व्यवस्थापक तिथेच उभा होता. त्याने दोघांनाही काही म्हटले नाही, कारण काय म्हणायचे हे त्यालाही कोणी सांगून ठेवलेले नव्हते. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य आम्हा श्वानपालकांच्या तोंडी इतके बसले आहे, की ते ऐकणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नसतो हे आमच्या ध्यानातच येत नाही.

उन्हाळ्यात याच उघड्या काठावर टिटवी अंडी घालते. तिचे घरटे म्हणजे खडीतला एक उथळ खळगा. मातकट रंगावर काळे ठिपके असलेली अंडी हातभर अंतरावरूनही दगडांत ओळखू येत नाहीत, पण कुत्र्याचे नाक ती शोधून काढते. डोक्यावर घिरट्या घालत टिटवी कर्कश ओरडू लागली, की घरटे जवळच आहे असे समजून कुत्र्याला जवळ घ्यावे आणि मागे फिरावे, एवढी साधी गोष्ट कॅम्पवर सांगितली जात नाही. हिवाळ्यात घाटातून धनगरांचे मेंढ्यांचे कळप जातात, त्यांच्यासोबत राखणीचे कुत्रे असतात आणि ते आपले काम चोख करतात. शहरातला कुत्रा कुतूहलाने कळपाजवळ गेला, तर पुढे जे होते त्याचा दोष धनगराच्या कुत्र्याला देता येत नाही.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण इथे कुत्र्याच्याच जिवाशी गाठ असते. प्रत्येक कुत्र्याला उपजत पोहता येते, हा समज सर्रास आढळतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या आणि आखूड पायांच्या जातींचे डोके जड असते, त्यांना दम लागतो आणि ते पाहता पाहता बुडू शकतात. तरीही त्यांना कडेवर घेऊन पाण्यात सोडणारी हौशी मंडळी दिसतात. धरणाचा काठ समुद्राच्या चौपाटीसारखा हळूहळू उतरत जातो असेही नाही. बुडीत क्षेत्रात जुने बांध, खाचरे, झाडांचे बुंधे आहेत, काठाला गुडघाभर गाळ आहे आणि त्यात पाय रुतलेला कुत्रा धडपडून अधिकच खोल जातो. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेने तरंगताना दिसले, तर तो कचरा आहे असे समजू नये. खाली स्थानिक मासेमारांचे नायलॉनचे जाळे लावलेले असते. त्यात कुत्र्याचे पाय अडकले तर कुत्राही जातो आणि त्या माणसाची कमाईही जाते. उन्हाळ्यात पाणी आटून कोमट झाले, की आडोशाच्या जागी त्यावर हिरवट साय धरते. या शेवाळसदृश जीवाणूंच्या काही प्रकारांत यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष असते. असे पाणी प्यायलेला, किंवा त्यातून बाहेर येऊन अंग चाटलेला कुत्रा काही तासांत दगावू शकतो.

कुंडलिकेची गोष्ट आणखी वेगळी आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून वीज निर्माण करून खाली सोडले जाते आणि कोलाडचे राफ्टिंग त्याच विसर्गावर चालते. सकाळी कोरड्या दिसणाऱ्या खडकांवरून थोड्या वेळात जोराचा प्रवाह वाहू लागतो. स्थानिकांना ही वेळ पाठ असते. आदल्या रात्री उशिरा पोहोचलेल्या आणि पहाटे कुत्र्याला घेऊन पात्रात उतरलेल्या मुंबईकराला ती कोणी सांगितलेली नसते. काठावरच्या प्रत्येक कॅम्पने ही वेळ ठळक अक्षरांत लिहून लावावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता रात्रीविषयी. कुत्रा राखणीला बाहेर बांधून आपण तंबूत निजायचे, ही कल्पना सह्याद्रीत अंगाशी येणारी आहे. बिबट्याला कुत्र्याइतके सोपे भक्ष्य दुसरे नाही; अकोले तालुक्याच्या परिसरात बिबट्यांच्या आहाराचा जो शास्त्रीय अभ्यास झाला, त्यातही सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच आढळला. भंडारदरा याच तालुक्यात आहे. जुन्नर भागात वनविभाग गावकऱ्यांना पाळीव जनावरे रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा असे सांगत आला आहे, आणि इथे आपण साखळीने बांधलेला, पळताही न येणारा कुत्रा तंबूच्या दाराशी ठेवतो. त्याने बिबट्या माणसांच्या अंथरुणाजवळ येतो तो वेगळाच. कुत्र्याला मालकाजवळ आतच झोपवावे आणि कुत्री स्वीकारणाऱ्या कॅम्पने निदान एक-दोन पक्क्या खोल्या त्यासाठी ठेवाव्यात. काजव्यांच्या हंगामात रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला जाणाऱ्यांनी तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, की हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि तिथे कुत्रा नेण्याचा निर्णय कॅम्पवाल्याच्या हातातला नाही. यामागचे कारणही गंभीर आहे : कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो आणि 2018 मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंमागे तो आढळला होता.

लसीकरणाच्या बाबतीत मुंबईकर श्वानपालक तसा जागरूक आहे, पण त्याचे लक्ष रेबीजपुरते असते. नदी-तलावाच्या काठी जायचे तर लेप्टोस्पायरोसिसची लस तितकीच महत्त्वाची आहे. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून हे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून माणसात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर या आजाराचे नाव मुंबईत घरोघरी पोहोचले. ही लस दरवर्षी द्यावी लागते. गोचिडांवरचे औषध निघण्यापूर्वीच दिलेले असावे, आणि परतल्यावर कान, बगला व बोटांच्या बेचक्या उजेडात बसून तपासाव्यात, कारण गोचीडताप उशिरा उमटतो आणि तोवर सहल विसरली गेलेली असते. कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणण्याचा मुद्दा काहींना अतिरेकी वाटेल, परंतु पार्व्हो या कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि गावातल्या लस न मिळालेल्या पिल्लांना तो मारतो. शिवाय पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात आणि वैतरणेचे आपण मुंबईकरच पितो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि जनावराला अवाजवी आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण हे कायदे घटना घडल्यावर उपयोगी. काठावर चावा घेतला गेला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे लागते, हे किती कॅम्पच्या कर्मचाऱ्यांना माहीत असेल याची मला शंका आहे. जवळचा पशुवैद्य कुठे, सर्पदंशावरचे प्रतिविष कुठे मिळते, हेही फलकावर असायला हवे. घोणस आणि फुरसे यांच्या वाटेत नाक खुपसणारा पहिला प्राणी कुत्राच असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पर्यटन संचालनालय, जलसंपदा विभाग आणि संबंधित ग्रामपंचायती यांनी मिळून जलाशय व नदीकाठच्या कॅम्पसाठी एक पानी नियमावली करावी. नोंदणीच्या वेळी रेबीज आणि लेप्टोच्या नोंदी असलेले कार्ड दाखवल्याशिवाय कुत्र्याला प्रवेश नसावा. कॅम्पच्या हद्दीत त्याला मोकळे सोडता येईल असा जाळीचे कुंपण घातलेला एक तुकडा असावा आणि त्याबाहेर पट्टा सक्तीचा असावा. एका रात्री किती कुत्री घेता येतील याला जागेच्या मानाने मर्यादा असावी. एकतीस डिसेंबरच्या रात्री डीजेच्या दणदणाटात आणि फटाक्यांत बिथरून पट्टा तोडून पळालेली कुत्री दुसऱ्या दिवशी शोधत फिरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, तेव्हा त्या रात्री कुत्री न घेणेच शहाणपणाचे. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी कुत्र्याला घरी ठेवावे.

आणखी एक सूचना. कुत्र्यामागे जे शुल्क कॅम्पवाले घेतात, त्यातला ठरावीक वाटा ग्रामपंचायतीकडे जमा व्हावा आणि त्यातून पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यामार्फत त्या गावातल्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचली जावी. आमची कुत्री त्या गावात दोन दिवस राहतात. गावची कुत्री आणि गावची मुले तिथे बारा महिने राहतात. दिवाळीनंतरची गर्दी सुरू होण्याआधी एखाद्या ग्रामपंचायतीने हे करून पाहिले, तर त्या गावच्या कॅम्पवर थोडे जास्त पैसे मोजायला माझ्यासारखे अनेक श्वानपालक तयार होतील.

आपला,
एक श्वानपालक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई