आमच्या सेक्टरमधल्या झेरॉक्सवाल्या दादांना

दादा, तुम्ही हे वाचणार नाही बहुतेक, दुकानात गर्दी असते तुमच्या, पण कोपरखैरण्यातलं कोणीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल म्हणून इथेच लिहिते.

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, निकाल लागले, जिंकलेल्यांचे आभाराचे फ्लेक्स अख्ख्या नवी मुंबईभर लागले. तुमचे आभार कोणी मानले नाहीत म्हणून हे पत्र.

मतदारांच्या प्रारूप (म्हणजे कच्च्या) याद्या आल्या नोव्हेंबरमध्ये तेव्हा आमच्या सासूबाईंच्या नावापुढे दोन स्टार. कोणी म्हणे नाव उडालं, कोणी म्हणे आता मतदानच नाही करता येणार, आणि त्यांनी तर रडायलाच घेतलं, की एवढी वर्षं मत देतेय आणि आता मला काढलं. तुम्ही यादी स्क्रीनवर उघडून शांतपणे सांगितलंत की आजी, नाव आहे, स्टार म्हणजे दुबार असल्याचा संशय, तुमच्यासारख्याच नावाची अजून एक बाई यादीत आहे, केंद्रावर विचारलं तर दुसरीकडे मत दिलं नाही आणि देणारही नाही असं लिहून द्यायचं, बस. बाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांपैकी एकालाही हे धड माहीत नव्हतं बरं का, त्यांना फक्त स्लिपच्या मागे आपलं चिन्ह छापायचं कळतं.

आणि ती चार मतांची भानगड! आपल्याकडे 2015 ला एक वॉर्ड एक नगरसेवक होता, एक बटण दाबलं की बाहेर. त्यानंतर मुदत संपली 2020 ला, कोरोना आला, मग कोर्ट, आरक्षण, आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत प्रशासकच. त्यात यावेळी पॅनेल, म्हणजे एका प्रभागात चार नगरसेवक आणि प्रत्येकाने चार मतं द्यायची, नवी मुंबईत पहिल्यांदाच. 28 प्रभाग, एक तीनचा सोडून सगळे चार-चारचे, म्हणजे 111 नगरसेवक. हे पेपरमध्ये सगळ्यांनी वाचलं होतं पण मशीनसमोर उभं राहिल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं. तुम्ही एक कागद करून शटरला चिकटवलात, अ ब क ड चार जागा, प्रत्येक जागेला एक बटण, एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबा, चारही झाल्याशिवाय मोठा बीप येत नाही, बीप आल्याशिवाय हलू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांनी तो कागद मोबाईलमध्ये फोटो काढून नेला. 15 जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाई मत देऊन आल्या तर बोटावर मार्करची रेघ आणि पहिलं वाक्य, "बीप आला गं." (ती शाई पुसली जाते म्हणून टीव्हीवर केवढा गोंधळ, आमच्या घरी मात्र भांडी घासूनही दोन दिवस गेली नाही.)

मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत कोणाला देणार. राज्यात एकत्र असलेले दोन पक्ष इथे एकमेकांसमोर उभे, दोघांची माणसं तुमच्या दुकानावर बॅनर लावायला आलेली मी पाहिलीयेत, गिऱ्हाईक दोन्हीकडचं, तरी तुम्ही दोघांनाही चहा पाजून परत पाठवलंत.

निकालाच्या दिवशी पण तेच. भाजप 65, शिंदे सेना 42, बाकी सगळ्यांचे मिळून चार, हे तर टीव्हीने सांगितलं. पण आमच्या शेजाऱ्यांना वाटत होतं की पॅनेलची सगळी मतं एकत्र मोजतात आणि ज्याची बेरीज जास्त त्याचे चौघं निवडून येतात. तुम्ही काउंटरवर बिलाच्या पाठीमागे लिहून समजावलंत की तसं नाही, अ ची लढत वेगळी, ब ची वेगळी, म्हणून एकाच प्रभागात दोन पक्षांचे लोकही येऊ शकतात. तेव्हा कुठे लोकांना उमगलं.

आता माझं स्पष्ट मत सांगते, मला ही चारची पद्धत अजिबात पटलेली नाही. चार सुनांच्या घरात गॅस कोणी बंद करायचा तसं होणार आहे, गटार तुंबलं की हा म्हणेल त्याला विचारा, तो म्हणेल तिला. तुम्ही त्यावर म्हणालात की वहिनी, तक्रारीचा अर्ज एकच लिहा, चार झेरॉक्स काढा आणि चौघांच्या ऑफिसला देऊन प्रत्येकाची पोच घ्या. हसू आलं, पण तसंच करणार आहे मी.

तुमचे मनापासून आभार दादा. वहिनींनाही सांगा, त्या दिवसांत तुमचं जेवण दुकानातच होत होतं ते आम्हाला दिसत होतं. आणि हो, माझी जाऊ ऐरोलीहून इकडे राहायला आलीये, तिचा यादीतला पत्ता बदलायचाय, फॉर्म 8 भरायला रविवारी सकाळी घेऊन येते तिला, पण यावेळी प्रिंटचे पैसे घ्यायचे, नाहीतर आम्ही दुसऱ्या दुकानात जाऊ.